बाळंतिणींचा कैवारी : डॉ. सेमेलवाइस

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे असा प्रघात आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांची चरित्रे येऊन गेली. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपविले. मी एका परमुलखातल्या पुरुषाचे चरित्र निवडले याचे काहींना नवल वाटेल. पण या पुरुषाने सारे आयुष्य बाळंतिणींच्या पायी झिजविले, आणि आपल्यापैकी बहुतेकींनी त्याचे नावही ऐकलेले नाही. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरली मुलगी नर्सिंगचा अभ्यास करते, तिच्या पुस्तकातून वाचून आणि तिला विचारून विचारून मी हे लिहिले आहे.

युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तिथे डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी दोन गावे होती. १८७३ साली ती एक होऊन बुडापेस्ट शहर झाले. बुडातल्या एका वाणसामानाच्या व्यापाऱ्याच्या घरी १ जुलै १८१८ रोजी इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म झाला. दहा भावंडांतले ते पाचवे. आई गाड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी होती. घर खाऊनपिऊन सुखी. मुलाने वकील व्हावे या हेतूने १८३७ साली त्यांना ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाला धाडले. पण तिथे गेल्यावर त्यांचे मन कायद्यात रमेना आणि ते वैद्यकाकडे वळले. १८४४ साली डॉक्टर झाले. मग बाळंतपणाचे शास्त्र शिकून १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्राध्यापक क्लाइन यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. वय अठ्ठावीस.

त्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. येणाऱ्या बायका बहुतेक अगदी गरीब. कोणी मोलकरीण, कोणी नवऱ्यावाचून दिवस गेलेली. तिथे बाळंतपण फुकट होई, मूल सांभाळता येत नसेल तर ते अनाथालयात ठेवून घेत, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्यांना तिच्यावर शिकू द्यावयाचे, असा सौदा होता. दोन्ही विभागांत आळीपाळीने भरती चाले. ज्या दिवशी कळा सुरू होतील त्या दिवशी जिचे नशीब जिथे नेईल तिथे.

आता आकडे सांगते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका मेल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ मेल्या. म्हणजे एकाच छपराखाली, एका ठिकाणी शेकडा अकराहून अधिक आणि शेजारी शेकडा तीनाहून कमी. मेल्या त्या बहुतेक सूतिकाज्वराने. बाळंतीण चांगली सुटावी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढावा, पोट फुगावे, भ्रम व्हावा आणि आठवडाभरात सारे आटपावे. पुष्कळदा मागोमाग तिचे तान्हेही जाई. मुलगा असो की मुलगी, त्याच्याही अंगात तोच रोग सापडे. त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते, पण आज आपण जाणतो की हे जंतू रक्तात शिरून सर्व अंगभर पसरण्याचेच दुखणे.

शहरातल्या बायकांना मात्र आकडे न शिकता सारे ठाऊक होते. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवीत की आम्हाला दुसरीकडे न्या. कित्येकी मुद्दाम रस्त्यातच बाळंत होत आणि मग मूल पदरात घेऊन इस्पितळात येत. सेमेलवाइसांच्या ध्यानात आले की या रस्त्यात सुटलेल्या बायकांना ताप फारसा येत नाही. धुळीत, थंडीत, कोणी हात लावावयास नसताना सुटलेली जगते आणि विद्वान डॉक्टरांच्या देखरेखीखालची मरते, हे कोडे त्यांना झोप येऊ देईना.

मोठमोठे प्राध्यापक म्हणत, हवेत काही दोष आहे, आकाशातल्या आणि जमिनीतल्या काही शक्तींचा परिणाम आहे. सेमेलवाइस म्हणू लागले, मग ती हवा भिंतीपलीकडच्या विभागात का जात नाही? गर्दी म्हणावी तर दुसऱ्या विभागात अधिक, कारण सगळ्या तिकडेच धावत. खाणे एकच, चादरी-कपडे एकाच ठिकाणचे. सरकारने समिती नेमली. तिने ठरविले की विद्यार्थी तपासताना आडदांडपणा करतात, विशेषतः परदेशी विद्यार्थी. विद्यार्थी ४२ वरून २० वर आणले. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत होतात म्हणून सेमेलवाइसांनी इकडेही तसे करून पाहिले. मरणाऱ्या बाईपाशी जाणारा पाद्री पहिल्या विभागातून घंटा वाजवीत जाई, त्या आवाजानेच बायका भीतीने गळून जात असतील, म्हणून घंटा बंद करविली. कशाचाही उपयोग झाला नाही. हा शोधण्याचा प्रकार मला फार आवडला. डाळ का शिजत नाही हे पाहताना आपणही एकेक गोष्ट बदलून पाहतो, तसेच हे.

१८४७ च्या मार्चमध्ये ते थोडे दिवस व्हेनिसला विश्रांतीस गेले होते. परत येतात तो त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारल्याची बातमी. प्रेताची तपासणी चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली, आणि त्या एवढ्याशा जखमेतून विष भिनून ते गेले. त्यांच्या प्रेताच्या तपासणीचा कागद सेमेलवाइसांनी वाचला. बाळंतिणींच्या आणि त्यांच्या बाळांच्या अंगात जे सापडे, तेच सारे या पुरुषाच्या अंगात सापडले होते. दुःखात असतानाच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोलेच्कांना सुरीने जे दिले, ते बाळंतिणींना डॉक्टरांची बोटे देत होती! डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते चिरून शिकत आणि तिथून सरळ बाळंतिणींना तपासावयास येत. हात धूत, पण नुसत्या साबणाने आणि वरवर, प्रेताचा वास बोटांना तसाच राही. सुईणी प्रेतांना हात लावीत नसत. रस्त्यात सुटलेल्या बाईला कोणीच हात लावलेला नसे.

मे महिन्याच्या मध्यापासून त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवविले. पुढे ते महाग पडते म्हणून क्लोरीनचा चुना वापरू लागले. ही दुसरीतिसरी काही वस्तू नव्हे, आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडरच. प्रेतखान्यातून येणाऱ्या प्रत्येकाने हात त्यात घासून घासून, वास जाईपर्यंत धुवावयाचे, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक. एप्रिलात शेकडा अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये शेकडा दोन, जुलैमध्ये शेकडा एकाच्या आसपास. पुढल्या वर्षी, १८४८ साली, मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत त्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही.

मध्येच एक मोठा धक्का बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये ओळीने बारा बायका होत्या. पहिल्या खाटेवरच्या बाईला गर्भाशयाचा सडका कर्करोग होता. प्रेतखान्यातून आल्यावर हात धुतलेले होते, पण तिला तपासून पुढच्या अकराजणींना तपासताना नुसता साबण लावला. त्या बारांतल्या अकरा मेल्या. तेव्हा सेमेलवाइसांना कळले की प्रेतच असावे लागते असे नाही, जिवंत माणसाच्या अंगचे दूषितही हातावरून दुसरीकडे जाते. मग नियम आला की एकीला तपासून दुसरीकडे जाण्यापूर्वी पुन्हा हात धुवावयाचे.

भगिनींनो, या ओळीने मांडलेल्या बारा खाटा वाचल्या तेव्हा मला दुसऱ्याच एका रांगेची आठवण झाली. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेचे बाळंतपण सातव्या महिन्यातच झाले. बाळ दीड किलोचेही नव्हते. तेवीस दिवस ते एका मोठ्या इस्पितळात काचेच्या पेटीत होते. शेजारी आणखी तशाच पेट्या. इवलाली पोरे, कागदासारखी कातडी, हातापायांत सुया, नाकात नळी. अशा बाळांच्या अंगात रोगाशी झुंजण्याचे बळ अजून आलेले नसते आणि प्रत्येक सुई म्हणजे जंतूंना एक उघडे दार. सहाव्या दिवशी बाळ दूध घेईना, हालचाल मंदावली, अंग गार पडले. रक्तात संसर्ग झाला होता. रक्त तपासावयास दिले, त्याचा कागद दोन-तीन दिवसांनी आला. त्यावर औषधांच्या नावांची लांबलचक यादी, आणि बहुतेक नावांपुढे इंग्रजी आर हे अक्षर. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले की ज्या ज्या औषधापुढे हे अक्षर आहे, त्याला हा जंतू आता दाद देत नाही. दोनच औषधे उरली होती. त्यांतल्या एकाने गुण आला आणि आमचे बाळ घरी आले. शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई खेड्यातून आलेली, अगदी लहान वयाची. ती रिकाम्या हाताने परत गेली.

औषधे निकामी का व्हावीत? एके काळी ढेकणांवर जी पावडर रामबाण होती, तिला पुढे ढेकूण जुमानीनासे झाले, हे आपल्या सासवांना विचारा. तसेच हे. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय हे जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. इस्पितळात औषधांचा मारा सतत चालू, म्हणून तिथले जंतू सर्वांत निबर. १९३६ साली लंडनला सल्फाच्या औषधाने सूतिकाज्वराच्या बायका वाचू लागल्या, मग पेनिसिलिन आले आणि जगाला वाटले की आता ताप हटला. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग यांनी मात्र १९४५ सालीच नोबेल पारितोषिक घेताना बजावले होते की अपुरे औषध घेतले तर जंतू त्याला सरावतील. दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागातल्या १३,५३० नवजात बाळांची पाहणी झाली. शंभरातल्या चौदा बाळांना असा रक्तात पसरणारा संसर्ग झाला होता, आणि क्लेब्सिएला वगैरे जे जंतू सापडले त्यांतले पुष्कळसे अनेक औषधांना न जुमानणारे होते. साध्या सर्दीला मेडिकलच्या दुकानातून चार गोळ्या आणून दोन खाऊन दोन डब्यात ठेवणारे घर आपल्या गल्लीत किती आहेत ते ज्याचे त्याने मोजावे.

त्या पेट्यांच्या खोलीबाहेर एक सिस्टर उभी असे. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आईलासुद्धा आत सोडीत नसे, आणि त्याआधी अंगठ्या, घड्याळ, बांगड्या सर्व काढावयास लावी. बाळंतिणीच्या हातातला हिरवा चुडा उतरवावयाचा म्हटल्यावर आमच्या सासूबाईंना मोठा अपशकुन वाटला. सिस्टरने शांतपणे एक बांगडी पांढऱ्या कापसाने आतून पुसून दाखविली. कापूस काळा झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आपल्या हातातल्या पाटल्याही त्यांनी काढून दिल्या. साबणपाण्याने धुऊन निघालेल्या जंतूला निबर होण्याची संधीच मिळत नाही, हे माझ्या मुलीने मला नंतर सांगितले.

असो. सेमेलवाइसांकडे वळू. एवढे डोळ्यांनी दिसत असता सर्वांनी त्यांना डोक्यावर घ्यावयास हवे होते. रोकिटान्स्की, स्कोडा आणि हेब्रा या तिघा नामवंत डॉक्टरांनी त्यांची बाजू घेतली. हेब्रांनी तर मासिकात लेख लिहून या शोधाची तुलना देवीची लस काढणाऱ्या जेन्नरच्या कामाशी केली. पण क्लाइन आणि बाकीचे बडे लोक उलटले. कारण उघड आहे. हे खरे मानावयाचे तर इतकी वर्षे आपल्याच हातांनी बायका मेल्या हे कबूल करावे लागे. मोठ्या माणसाला आपले हात घाणेरडे आहेत असे कोणी सांगितलेले खपत नाही, तेही हाताखालच्या माणसाने, आणि तोही हंगेरीचा. १८४८ साली हंगेरीने ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव केला होता, त्याचीही कटुता होती. १८४९ च्या मार्चमध्ये त्यांची नेमणूक संपली ती क्लाइनांनी वाढविली नाही. पुढल्या वर्षी शिकविण्याची परवानगी मिळाली ती अशी की फक्त बाहुलीवर शिकवावे. हा अपमान त्यांना सोसला नाही. मित्रांचासुद्धा निरोप न घेता ते तडकाफडकी पेस्टला निघून गेले. मित्रांना हे लागले, आणि लागणारच.

पेस्टच्या सेंट रोकुस इस्पितळात त्यांनी १८५१ पासून सहा वर्षे बिनपगारी काम केले. त्या काळात ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वराने फक्त आठजणी गेल्या. १८५५ साली ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे पुन्हा बायकांना ताप येऊ लागला. शोध घेतला तर दोष चादरींत निघाला. आदल्या बाळंतिणीच्या स्रावाने भरलेल्या चादरी धड न धुता दुसरीच्या खाली घातल्या जात. स्वच्छ चादरी मिळेपर्यंत ते अधिकाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागले. एवढा मोठा प्राध्यापक, पण धुण्यात लक्ष घालावयास त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या पदव्यांहून मोठी वाटते.

१८५७ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी मारिया एका व्यापाऱ्याची मुलगी, त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. पाच मुले झाली. पहिला मुलगा जन्मल्यावर लगेच गेला, पाठची मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. हजारो बाळांतिणींना वाचविणाऱ्याच्या घरचे पाळणे असे दोनदा रिकामे झाले.

त्यांच्या स्वभावाबद्दल लिहिल्याशिवाय चरित्र पुरे होणार नाही. त्यांना लिहिण्याचा मनस्वी कंटाळा. शोध १८४७ चा आणि पुस्तक निघाले १८६१ साली, चौदा वर्षांनी. तेही मोठे, पसरट, आकड्यांनी भरलेले. त्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी निरनिराळ्या प्राध्यापकांना उघडी पत्रे छापून पाठविली आणि त्यांत त्यांना सरळ खुनी म्हटले. माझ्या मते हे बरे झाले नाही. ज्याला खुनी म्हटले तो हात धुवावयास येत नाही, तो दार लावून घेतो. पण रोज बायका मरताना दिसत असता आणि उपाय दाराशी ठेवलेला असता तोंड गोड कसे ठेवावे, हेही मला सांगता येणार नाही.

पुढे पुढे त्यांचे डोके ठिकाणावर राहीना. बोलणे एकाच विषयाकडे वळे, वागणे विचित्र झाले. १८६५ च्या जुलैअखेर मारिया त्यांना घेऊन व्हिएन्नाला गेली. तिथे जुने मित्र हेब्रा यांनी नवे आरोग्यधाम दाखवितो असे सांगून त्यांना नेले, ते होते वेड्यांचे इस्पितळ. त्यांनी निसटण्याची धडपड केली तेव्हा रखवालदारांनी त्यांना मारहाण करून डांबले. दुसऱ्या दिवशी मारिया भेटीस गेली तर तिला आत सोडले नाही. पंधरवडाभरात, १३ ऑगस्ट १८६५ रोजी ते वारले. वय अवघे सत्तेचाळीस. अंगावरची जखम सडून तिचे विष रक्तात भिनले होते. ज्या रोगाशी ते जन्मभर लढले, जो कोलेच्कांना झाला आणि त्या सर्व बायकांना झाला, त्यानेच त्यांना नेले.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगो शहरात डॉ. लिस्टर यांनी गाडीखाली पाय सापडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली. तो मुलगा बरा झाला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया पडला. १८७९ साली पाश्चरने सूतिकाज्वराचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. त्यानंतर सेमेलवाइस बरोबर होते हे नाकारणे कोणालाच शक्य राहिले नाही.

मारिया तीन लेकरांना घेऊन मागे राहिली. नवऱ्याचे नाव इतके बदनाम झाले होते की तिने पुढे मुलांचे आणि स्वतःचे आडनाव बदलून घेतले. ती १९१० पर्यंत जगली, त्यामुळे जग फिरलेलेही तिने पाहिले. १८९१ साली पतीच्या अस्थी व्हिएन्नाहून बुडापेस्टला परत आणल्या गेल्या, आणि आता त्या त्यांच्या जन्मघराच्या भिंतीत आहेत. १९०६ साली बुडापेस्टमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभारला. जिथे त्यांनी सहा वर्षे पगार न घेता काम केले, त्या रोकुस इस्पितळासमोर तो आज उभा आहे. वर डॉक्टर उभे आहेत, आणि खाली त्यांच्या पायाशी तान्हे बाळ घेतलेली एक बाई बसली आहे.